जुनी गल्ली वाचवायची, तर आधी पाणी कुठं जातं ते बघा

जुनं घर पाडायला एक दिवस पुरतो, पण ते पाडण्याच्या लायकीचं व्हायला वीस-पंचवीस वर्षं जावी लागतात. पन्हाळ गळत राहते, वरचा मजला रिकामा पडतो, दर डांबरीकरणात रस्ता थोडा वर चढतो, ओल आली म्हणून मालक भिंतीला सिमेंटचा गिलावा मारून घेतो. शेवटी दारावर ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस लागते आणि मग गावाला वारशाची आठवण येते. ते वरातीमागून घोडं. छोट्या गावातलं जतन हा म्हणूनच इतिहासाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, देखभालीचा आणि नियोजनाचा विषय आहे. पाणी कुठं जातं, घरात कोण राहतं आणि दुरुस्तीचा खर्च कोण उचलतं, या तीन प्रश्नांवर गल्लीचं भवितव्य ठरतं.

आधी एक फरक समजून घेऊ. किल्ला किंवा राजवाडा ही सुटी वास्तू. ती एकटीही उठून दिसते आणि तिच्यासाठी वेगळं खातं, वेगळा कायदा असतो. गावाचा जुना बाजाररस्ता मात्र परिसर असतो. त्यातलं एकेक घर साधंच, कुठलाही नामवंत वास्तुरचनाकार त्यामागे नाही. पण पाच-सहा मीटर रुंदीची, जवळपास सारख्या उंचीची, रस्त्याला लागून उभी असलेली वीस घरं एका ओळीत आली की त्या ओळीला एक आकार येतो. मधली दोन काढली तर उरलेल्या अठरांचंही मोल घटतं. कायद्यांना हे उशिरा सुचलं. अमेरिकेतल्या चार्ल्स्टन शहरानं १९३१ मध्ये नियोजनाच्या नियमांतून अख्ख्या जुन्या भागाला संरक्षण दिलं, फ्रान्सनं १९६२ मध्ये, इंग्लंडनं १९६७ मध्ये आणि जपाननं १९७५ मध्ये परिसर जपण्याची कायदेशीर सोय केली. 

वारसा इमारतींच्या यादीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. यादीत नाव आलं म्हणजे घर वाचलं असं लोक धरून चालतात. तसं दरवेळी नसतं. अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलेलं खासगी घर मालक स्वतःच्या पैशानं पाडायला निघाला, तर केवळ त्या नोंदीमुळे त्याला कुणी अडवू शकत नाही. अडवतो तो स्थानिक पालिकेचा नियम. आपल्या गावाला लागू असलेली यादी सन्मानाची आहे की बंधनाची, हे पहिल्याच बैठकीत तपासून घ्यावं. 

गल्लीची मोजणी

सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्या करतात. पहिल्या फेरीत गल्लीतली प्रत्येक इमारत नोंदवायची, सुंदर असो वा नसो. १:५०० प्रमाणाचा नकाशा घ्यावा, दोघांची जोडी करावी: एकानं लिहायचं, एकानं फोटो काढायचे. फोटो समोरून, दोन्ही कोपऱ्यांतून आणि गल्लीच्या दोन्ही टोकांकडून अख्ख्या रांगेचा. नोंदीला मालकाचं नाव नव्हे, नकाशावरचा क्रमांक द्यावा, मालक बदलतात.

बहुतेक तक्त्यांत बांधकामाचा काळ, साहित्य, नक्षी हे रकाने असतातच. राहून जातात ते उपयोगाचे रकाने. तळमजल्याचा आणि वरच्या मजल्याचा वापर वेगवेगळा लिहावा. वर जाणारा जिना रस्त्यावरून आहे की दुकानाच्या आतून? जोतं रस्त्यापासून किती सेंटिमीटर वर आहे? कोणत्या भिंतीला लोणा लागलाय आणि किती उंचीपर्यंत? छपराचं पाणी कुठं पडतं? या शेवटच्या रकान्यासाठी एक फेरी भर पावसात मारावी लागते. कोरड्या दिवशी सगळ्याच पन्हाळी शहाण्या दिसतात.

दुसरी फेरी निवडक घरांची, आतून, मोजमापांसह. त्यानंतर प्रतवारी. गल्लीला आकार देणारी घरं, साधी पण जुळणारी घरं आणि विसंगत बांधकामं, असे तीन गट पुरतात. चूक होते ती वय आणि देखणेपणावरून गुण देण्यात. मधल्या गटातली साधी घरं संख्येनं सर्वांत जास्त असतात आणि गल्ली मुख्यतः त्यांच्यावरच उभी असते. नंतर झालेले बदलही सरसकट ‘बिघाड’ म्हणून खोडू नयेत. ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये स्वीकारलेली जतनाची सनद (बुरा गावाच्या नावानं ओळखली जाणारी ‘बुरा सनद’) हेच सांगते: आधी त्या जागेचं महत्त्व कशात आहे ते ठरवा, मग हात लावा, आणि लावाल तो गरजेपुरताच.

नोंद एकदा करून कपाटात ठेवली की काही वर्षांत निरुपयोगी होते. बांधकाम परवान्याचा प्रत्येक अर्ज आला की त्या क्रमांकाची नोंद अद्ययावत करायची, एवढी एक सवय कार्यालयाला लावली तर पुन्हा सगळी मोजणी करावी लागत नाही.

ओल वरून खाली शोधायची

दहा बाय आठ मीटरचं छप्पर म्हणजे ८० चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की दोन हजार लिटर पाणी खाली येतं. पन्हाळीचा नळ एका कोपऱ्यात तुटलेला असेल, तर त्यातलं बरंचसं पाणी पायाच्या त्याच कोपऱ्यात मुरतं, दर पावसात. नंतर तिथं भिंत खचते, आणि दोष मात्र ‘जुन्या बांधकामाला’ दिला जातो.

म्हणून तपासणीचा क्रम वरून खाली: कौलं किंवा पत्रा, छप्पर आणि भिंत मिळते तो सांधा, पन्हाळ, नळ, नळाचं तोंड, जमिनीचा उतार. पन्हाळी वर्षातून दोनदा साफ कराव्यात. भिंतीलगतची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान १५ सेंटिमीटर खाली हवी आणि तिचा उतार भिंतीपासून दूर, मीटरला साधारण दोन सेंटिमीटर.

इथं नियोजन आडवं येतं. रस्त्यावर डांबराचा पाच सेंटिमीटरचा थर चार वेळा चढला की रस्ता वीस सेंटिमीटर वर येतो. जोत्याची पायरी गाडली जाते, जमिनीलगतचे झरोके बुजतात आणि पाणी उंबऱ्याकडे वळतं. घरमालकानं घरात काहीही केलं तरी हे थांबत नाही. उपाय पालिकेच्या हातात असतो: नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढायचा, आणि गल्लीत तीन-चार ठिकाणी रस्त्याची कमाल पातळी पक्क्या खुणेनं नोंदवून ती रस्त्याच्या ठेक्यातच लिहायची. वारसा समितीच्या बैठकीला रस्ते आणि गटार विभागाचा माणूस नसेल, तर त्या बैठकीत खिडक्यांचे रंग ठरतात आणि भिंती भिजत राहतात.

जमिनीतून चढणारी ओल सहसा एक-दीड मीटरपर्यंत जाते. तिच्यावर भिंतीत भोकं पाडून रसायन टोचण्याचा उपाय हिरिरीनं विकला जातो. पण कारण बहुतेकदा बाहेर वर आलेली जमीन, फुटका नळ किंवा आतबाहेर मारलेला सिमेंटचा गिलावा हेच असतं. रोग रेड्याला आणि इलाज पखालीला! आधी पाण्याचा उगम बंद करा आणि थांबा. भिंतीच्या दर अडीच सेंटिमीटर जाडीला वाळायला एक महिना, असा ढोबळ हिशेब आहे. ४५ सेंटिमीटरच्या भिंतीला दीड वर्ष लागू शकतं. तोवर नवा गिलावा नको, तेलरंग तर नकोच.

लाकडाचंही पाण्याशीच नातं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशीनं कुजण्याची भीती फारशी नसते. धोका असतो तो तुळईच्या टोकाला, जिथं ते भिंतीत शिरतं. टोच्या खुपसून बघा. तो सहज आत जात असेल तर तेवढाच भाग कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा जोड देता येतो. त्यासाठी अख्खी तुळई काढावी लागत नाही, छप्पर तर नाहीच.

भेगा दिसल्या की घाबरून निर्णय घेऊ नये. पाच मिलिमीटरपर्यंतच्या भेगा बहुधा दिसायला वाईट असतात, घराच्या मजबुतीला त्यांनी फारसा धोका नसतो. भेग जुनी आहे की अजून वाढतेय, हा खरा प्रश्न. दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून त्यांच्यातलं अंतर महिन्यातून एकदा मोजावं, वर्षभर. ऋतूप्रमाणे उघडमीट होणारी भेग वेगळी आणि एकाच दिशेनं रुंदावणारी वेगळी. दुसरी आढळली तर वर्ष संपायची वाट न बघता अभियंत्याला बोलवा.

चुन्याचं घर, सिमेंटची मलमपट्टी

जोसेफ अ‍ॅस्पडिननं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं १८२४ मध्ये, आणि ते सर्वत्र पोचायला पुढं बराच काळ गेला. त्याआधीच्या, आणि नंतरच्याही कितीतरी घरांच्या भिंती चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या आहेत.

चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवला की भिजवलेला चुना. हे करताना तो उकळून उडतो, चष्मा आणि हातमोजे हवेतच. हाच चुना वाळूत कालवून भिंतीत गेला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. तो सिमेंटपेक्षा मऊ, थोडासा लवचिक आणि मुख्य म्हणजे ओलाव्याला वाट देणारा.

मऊ असणं हा इथं गुण आहे. भिंतीत शिरलेलं पाणी विटांमधल्या सांध्यांतून, म्हणजे दरजांमधून बाहेर पडतं आणि क्षारही तिथंच साठतात. झीज होते ती चुन्याची, आणि चुना पुन्हा भरता येतो. तिथं कडक सिमेंट भरलं की ही वाट बंद. पाणी विटेच्या तोंडातून बाहेर पडू लागतं, क्षार विटेच्या कातडीमागे फुलतात आणि वीट पापुद्र्यांनी सुटते. थंड प्रदेशात भर म्हणून पाणी गोठतं आणि सुमारे ९ टक्के फुगतं. काही वर्षांनी दिसतं ते असं: सिमेंटच्या रेषा जाळीसारख्या पुढं आलेल्या आणि विटा आत खचलेल्या. दुरुस्ती टिकली, भिंत गेली.

दरजा भरायची रीत अशी. ज्या सांध्यांतला चुना भुसभुशीत झालाय तेवढेच घ्यायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. सांध्याच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोल खरवडायचं. दहा मिलिमीटरचा सांधा असेल तर २० ते २५ मिलिमीटर. काम छिन्नी-हातोडीनं. ग्राइंडर अरुंद सांध्यात विटेच्या कडा खातो आणि त्या कडा परत येत नाहीत. मग धूळ काढून भिंत चांगली भिजवायची. एक भाग चुना आणि तीन भाग वाळू हे नेहमीचं प्रमाण, पण वाळू कोणती हे जुन्या चुन्यालाच विचारावं: त्याचा तुकडा सौम्य आम्लात टाकला की चुना विरतो आणि तळाशी मूळची वाळू उरते. तिचा रंग आणि जाडी जुळवायची. खोल सांधा एका दमात भरायचा नाही, थराथरानं भरायचा. नंतर गोणपाट टांगून काही दिवस ओल राखायची. पाच अंशांच्या खाली किंवा पस्तिसाच्या वर तापमान असताना हे काम काढू नये.

बिघडतं ते बहुतेकदा घाईमुळे. कोरडी वीट चुन्यातलं पाणी ओढून घेते, वरून ऊन लागतं, आणि महिन्याभरात सांधा बोटानं उकरता येतो. मग ‘चुना टिकत नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि सिमेंटची गोणी येते. अख्ख्या दर्शनी भिंतीच्या दरजा नव्यानं भरून देतो म्हणणाऱ्या ठेकेदाराला ‘कोणत्या नकोत?’ असं विचारून बघावं. उत्तर देता आलं नाही तर दुसरा शोधावा.

रेतीचा मारा करून विटा स्वच्छ करणं हा असाच एक हौशी प्रकार. त्यात विटेची भट्टीत भाजून घट्ट झालेली वरची कातडी जाते आणि आतली मऊ माती उघडी पडते.

नियम मोजता येतील असे

जुना भाग बहुतेकदा हातोड्याआधी नियमावलीनं मरतो. समजा गल्लीत सगळी घरं दुमजली आहेत आणि आराखडा तिथं पाच मजल्यांची मुभा देतो. मधले तीन मजले म्हणजे घर पाडण्याचं बक्षीसच. दर्शनी भागाबद्दल कितीही सुंदर मार्गदर्शिका छापा, हा फरक तसाच ठेवला तर ती कुणी वाचणार नाही. मुभा आणि प्रत्यक्ष उंची यांतली तफावत कमी करणं हे पहिलं काम, आणि राजकीयदृष्ट्या सर्वांत अवघडही तेच.

दुसरा घातक नियम पार्किंगचा. जुन्या घरात दुकान किंवा खाणावळ काढायची तर अमुक इतक्या गाड्यांची जागा दाखवा, अशी अट असते. सलग रांगेतल्या घराकडे ती कुठून येणार? मग शेजारचं घर घेऊन, पाडून, जागा केली जाते. जुन्या भागापुरती ही अट काढून टाकावी आणि गाड्यांची सोय गल्लीबाहेर, चालत पाच मिनिटांवर, एकत्रित करावी.

तिसरा मुद्दा भूखंड जोडण्याचा. पाच-पाच मीटरचे पाच भूखंड एक करून २५ मीटरची इमारत उठते, तेव्हा उंची नियमात असली तरी गल्लीची लय जाते. पाच दारांच्या जागी एक दार आणि एक लांब काच. नव्या बांधकामालाही दर पाच-सहा मीटरला दार किंवा खांबांची विभागणी सक्तीची केली तर हे बऱ्यापैकी सावरतं. नवं घर जुन्याची नक्कल करणारं असावं असं मात्र नाही. रस्त्याची रेषा, उंची, खिडक्यांचं उभं प्रमाण आणि दारांमधलं अंतर जुळलं की साहित्य आजचं असलं तरी ते रांगेत बसतं. खोटी कमान आणि प्लास्टरचे खांब लावलेलं घर त्याहून जास्त खटकतं.

वरच्या मजल्यांचा प्रश्न फार कमी आराखड्यांत दिसतो. दुकानाची काच रुंद करताना रस्त्याकडचं जिन्याचं दार काढून टाकलं जातं. त्यानंतर वर जायला दुकानातूनच वाट, म्हणजे वर कुणी स्वतंत्रपणे राहू शकत नाही. मजला गोदाम होतो, मग रिकामा, मग तिथं गळणारं पाणी महिनोन् महिने कुणाला दिसत नाही. जिन्याचं दार काढायला बंदी आणि काढलेलं परत बसवायला मदत, हे दोन नियम दर्शनी रंगाच्या दहा नियमांना भारी पडतात. आगीपासून सुटकेची दुसरी वाट जुन्या घरात निघत नसेल, तर पाण्याचे फवारे, धुराची घंटा, आगीला तोंड देणारी दारं अशा पर्यायांनी तेवढीच सुरक्षितता मिळते का, हे तपासायची मुभा नियमात हवी.

‘परिसराला साजेसं’ असे शब्द नियमात घालू नयेत. त्यावर वाद होतो आणि शेवटी ज्याची ओळख जास्त त्याचं साजेसं ठरतं. ‘पाटीची उंची ६० सेंटिमीटरपर्यंत’ असं लिहा, ते पट्टीनं मोजता येतं. कौल बदलणं, पन्हाळ दुरुस्त करणं, चुन्याची सफेदी अशा कामांना त्याच दिवशी खिडकीवर परवानगी मिळावी. समितीसमोर फक्त पाडकाम, वाढीव बांधकाम आणि दर्शनी बदल जावेत. पन्हाळीच्या परवान्याला तीन महिने लागले तर लोक पन्हाळ दुरुस्त करत नाहीत, किंवा सगळंच काम रात्री उरकतात.

पाडकामाला सहा ते बारा महिन्यांची स्थगिती देण्याची तरतूद अनेक ठिकाणी असते. त्या मुदतीत कुणी खरेदीदार, भाडेकरू किंवा निधी शोधायला बसलं नाही, तर ते नुसतं लांबवलेलं पाडकाम.

खर्चातली खाच

हिशेब असा असतो. दुरुस्तीला १०० लागणार आणि झाल्यावर मालमत्तेची किंमत ७० नं वाढणार. मधले ३० कुणाचे? मालकानं भावनेपोटी द्यावेत अशी अपेक्षा धरणारी योजना टिकत नाही. ही खाच भरण्याचे मार्ग मोजके आहेत. अनुदान. दुरुस्तीनंतर काही वर्षं मालमत्ता कर न वाढवणं. अमेरिकेत उत्पन्न देणाऱ्या नोंदणीकृत ऐतिहासिक इमारतींच्या मान्यताप्राप्त नूतनीकरणावर केंद्रीय आयकरात खर्चाच्या २० टक्के सवलत मिळते, पण स्वतः राहत्या घराला ती नाही. म्हणजे तिथंही खाच पूर्ण भरत नाहीच.

छोट्या गावाला सर्वांत मानवणारा प्रकार फिरत्या निधीचा. संस्था धोक्यातलं घर विकत घेते, खरेदीखतात ‘पाडणार नाही, दर्शनी भाग बदलणार नाही’ अशा अटी घालते आणि दुरुस्त करेल अशा माणसाला विकते. आलेले पैसे पुढच्या घराला. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सॅव्हाना शहरात १९५५ साली स्थापन झालेल्या संस्थेनं या मार्गानं बरीच घरं वाचवली. निधी दर फेरीला थोडा आटतो, तेव्हा अधूनमधून भर घालावी लागते. न वापरलेले मजले दुसऱ्या भूखंडाला विकण्याची, म्हणजे विकासहक्क हस्तांतराची योजना मात्र न्यूयॉर्कसारख्या जागेला भुकेल्या शहरात चालते. जिथं कुणालाच जास्तीचे मजले नको आहेत, तिथं ते हक्क घेणार कोण?

घर वापरात राहणं हीच सगळ्यात स्वस्त देखभाल. अमेरिकेत १९७७ ते १९८० दरम्यान गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत ‘मेन स्ट्रीट’, म्हणजे गावाचा मुख्य बाजाररस्ता सावरण्याच्या उपक्रमाचा प्रयोग झाला. त्यातून चार कलमं पुढं आली: संघटन, प्रसिद्धी, इमारतींचं रूप (डिझाइन) आणि बाजाराची आर्थिक बळकटी. इमारतीची डागडुजी त्यातलं फक्त एक कलम आहे, हे लक्षात घेण्यासारखं.

गावकऱ्यांनी ठरवलं तर किती होतं, याचं नेहमीचं उदाहरण जपानमधल्या त्सुमागोचं. जुन्या राजमार्गावर प्रवाशांच्या मुक्कामाचं ठिकाण असलेल्या या गावानं १९७१ मध्ये तीन गोष्टी ठरवल्या: घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारी नाहीत, विजेच्या तारा नजरेआड. पण जशीच्या तशी नक्कल कुणी करू नये. भाड्यालाच बंदी म्हणजे नव्या कुटुंबाला येण्याची वाटही अरुंद. जिथं आधीच घरं ओस पडलीत, तिथं पहिली दोन कलमं उलटी लागू पडतात: विका, भाड्यानं द्या, पण अटीसह.

सभा घ्याल तेव्हा आराखडा तयार करून मंजुरीला ठेवू नका. भिंतीवर मोठा नकाशा लावा, लाल आणि हिरव्या टिकल्या द्या, ‘पाणी कुठं साठतं?’ आणि ‘कोणतं घर रिकामं आहे?’ हे दोनच प्रश्न विचारा. एक सभा संध्याकाळी, एक दुकानं बंद असतात त्या दिवशी, म्हणजे भाडेकरू आणि दुकानदारही येतील; नाहीतर फक्त मालक आणि हौशी मंडळी बोलतात. लाल टिकल्या जिथं दाट पडतील तिथली गटारं पुढच्या पावसाआधी मोकळी करून दाखवा. दुसऱ्या सभेला माणसं येतील ती त्या गटारामुळे.